मागे कोण आहे?

नववीच्या वर्गात मी सर्वनामे शिकवत होतो. फळ्यावर मी तीन शब्द लिहिले : मी, तू, तो. बोलणारा तो प्रथम पुरुष. ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष. ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष. उर्दूच्या तासाला मुले हेच शिकलेली असतात. तिथे त्यांना मुतकल्लिम, हाजिर आणि गायब अशी नावे आहेत. मी म्हणालो, "मुलांनो, यांतले दोन शब्द मराठीतही रोज कानांवर पडतात. हजेरी घेताना तुम्ही 'हजर' म्हणता. आणि खडू सापडला नाही की आपण म्हणतो, 'खडू गायब झाला'."

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गेममध्ये 'फर्स्ट पर्सन' म्हणतात, तो हाच प्रथम पुरुष का?"

वर्ग हसला. प्रश्न विचारणारा मुलगा मात्र हसला नाही. तो पुढे म्हणाला, "सुटीत मी मामूंच्या घरी गेलो होतो. भाईजान संगणकावर एक गेम खेळत होते. पडद्यावर एक अंधारा बोळ होता आणि हातात धरलेला कंदील. बाकी काही नव्हते. भूत नाही, रक्त नाही. दहा मिनिटे काहीसुद्धा घडले नाही. तरी दोन रात्री मला झोप आली नाही. काही दिसलेच नाही, मग मी घाबरलो कशाला?"

आता वर्ग आणखी मोठ्याने हसला. कोणीतरी 'डरपोक' असेही म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला.

मला तो प्रश्न फार चांगला वाटला. दिसलेल्या वस्तूची भीती सगळ्यांनाच वाटते. न दिसलेल्या वस्तूची भीती का वाटावी, हे विचारायला डोके लागते. 'उद्या सांगतो' असे म्हणून मी वेळ मागून घेतला. त्या रात्री मी या खेळांविषयी वाचले, काही खेळांच्या चित्रफिती पाहिल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात जे सांगितले, तेच येथे लिहीत आहे.

प्रथम हा खेळ कोणत्या जातीचा आहे ते पाहू. व्हिडिओ गेमच्या एका प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. सर्व्हायव्हल म्हणजे तग धरून जिवंत राहणे आणि हॉरर म्हणजे भय. आपण त्याला सोयीसाठी 'भयखेळ' म्हणू. इतर अनेक खेळांत शत्रूला हरवायचे असते. भयखेळात मुख्य काम जीव वाचवण्याचे असते. खेळणाऱ्याजवळ साधने थोडी असतात. दिव्यात तेल कमी असते, दारांना कुलपे असतात आणि शत्रू आपल्यापेक्षा बलवान असतो. हे नाव रूढ झाले ते १९९६ साली जपानमधील कॅपकॉम कंपनीने काढलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल' या खेळामुळे. शिंजी मिकामी हे त्या खेळाचे दिग्दर्शक होते.

त्या खेळातील प्रत्येक खोलीत जणू एक कॅमेरा ठरलेल्या जागी टांगून ठेवलेला आहे. कधी तो छताजवळ असतो, तर कधी जिन्याच्या टोकाला. खेळातील माणूस खोलीत चालतो आणि आपण त्याला दुरून पाहतो. आपण मनात म्हणतो, 'तो दाराजवळ गेला. तो थांबला.' हा झाला तृतीय पुरुष.

दुसऱ्या प्रकारच्या खेळात कॅमेरा खेळातील माणसाच्या डोळ्यांच्या जागीच ठेवलेला असतो. तो माणूस आपल्याला दिसत नाही. फार तर त्याचे हात दिसतात. तो जिकडे मान वळवतो तिकडचेच चित्र पडद्यावर येते. मग आपण मनात म्हणतो, 'मी दाराजवळ गेलो. मी थांबलो.' हा झाला प्रथम पुरुष. माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर होते. खेळातला 'फर्स्ट पर्सन' आणि व्याकरणातला प्रथम पुरुष एकच.

एवढ्याशा बदलाने काय होते? आपण भाषेच्याच मदतीने पाहू. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या :

त्याने दार उघडले. त्याच्या पाठीमागे एक सावली हलली.

मी दार उघडले. पाठीमागे काहीतरी हलल्यासारखे वाटले.

पहिल्या ओळीत सावली कोणी पाहिली? दार उघडणाऱ्याने नव्हे. ती गोष्ट सांगणाऱ्याने पाहिली आणि आपल्यालाही दाखवली. आपण त्या माणसाची काळजी करतो, पण सावली कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या ओळीत तशी सोय नाही. 'मी'ला पाठीमागचे दिसत नाही, म्हणून वाचकालाही दिसत नाही. खरोखर काही हलले की तो भास होता, हेसुद्धा कळत नाही. पहिल्या ओळीत भीती 'त्याच्या'साठी वाटते, दुसऱ्या ओळीत ती आपल्या स्वतःच्या पाठीला जाणवते.

भयखेळाचे सगळे मर्म या दोन ओळींत आहे. प्रथमपुरुषी खेळ आपल्याला अधिक दाखवतो म्हणून भीती वाटत नाही. तो कमी दाखवतो म्हणून भीती वाटते.

यासाठी फार सुंदर चित्रांचीही गरज लागत नाही. १९८१ साली इंग्लंडमध्ये माल्कम इव्हान्स यांनी 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' नावाचा खेळ तयार केला. तो १९८२ साली विक्रीस आला. सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स ८१ या लहानशा संगणकासाठी तो होता. त्यासाठी लागणारी स्मृती होती फक्त १६ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या शंभरपटीहून अधिक जागा लागते. चित्रे काळी-पांढरी आणि ओबडधोबड ठोकळ्यांची होती. आवाज तर मुळीच नव्हता. खेळणारा एका भुलभुलैयात उभा असे आणि त्याला समोरचा बोळ तेवढा दिसे. त्याच भुलभुलैयात एक प्रचंड डायनोसॉर फिरत असे. तो दिसत नसला, तरी पडद्यावर अक्षरे उमटत : तो दबा धरून बसला आहे, पावले जवळ येत आहेत, त्याने तुला पाहिले आहे. आवाजाचे काम अक्षरांनी केले आणि बाकीचे काम खेळणाऱ्याच्या मनाने केले. पुढे आलेल्या भयखेळांची बीजे या छोट्या खेळात आपल्याला सापडतात.

आता कमी दाखवण्याच्या तीन रीती पाहू.

पहिली रीत नजरेची. तुम्ही समोर पाहत असलात तरी दोन्ही बाजूंचे थोडेथोडे तुम्हाला दिसत असते. माणसाच्या दोन्ही डोळ्यांना मिळून आडवे सुमारे १८० अंशांचे दृश्य दिसते. रस्त्याने जाताना बाजूने सायकल आली, तर मान न वळवताही आपण सावध होतो, ते यामुळेच. प्रथमपुरुषी खेळाच्या पडद्यावर मात्र साधारणपणे ६० ते ९० अंशांचेच दृश्य दाखवतात. म्हणजे डोळ्यांच्या कडांची राखण काढून घेतलेली असते. खेळणाऱ्याला सारखे डावीकडे-उजवीकडे वळून पाहावे लागते. उजवीकडे पाहिले की डावी बाजू उघडी पडते. वळून मागे पाहिले, तर पुढची बाजू आता पाठीमागे जाते. एक बाजू नेहमीच अंधारात राहते.

दुसरी रीत लपण्याची. हिचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ साली इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने तयार केलेला 'एलियन : आयसोलेशन' हा खेळ. १९७९ साली आलेल्या 'एलियन' या चित्रपटाच्या कथेवर तो आधारलेला आहे. अमांडा रिप्ली ही तरुणी आपल्या हरवलेल्या आईचा माग काढत एका अंतराळ-स्थानकावर येते. तिथे एक भयंकर प्राणी फिरत असतो. तिच्याजवळच्या कोणत्याही शस्त्राने तो मरत नाही. त्याच्यापासून लपणे हाच मुख्य उपाय असतो.

हा खेळ बनवणाऱ्यांनी सुरुवातीला तृतीयपुरुषी पद्धतही करून पाहिली होती. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. समजा, अमांडा एका पेटीमागे दडून बसली आहे. कॅमेरा तिच्यापासून वेगळा असेल, तर खेळणारा तो कॅमेरा फिरवून पेटीच्या पलीकडचे सगळे बघू शकतो. अमांडा जागची हलत नाही आणि खेळणाऱ्याला मात्र सर्व कळते. हा फुकटचा डोळा झाला. पण कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या जागी असेल, तर पलीकडे पाहण्यासाठी तिला पेटीबाहेर डोके काढावेच लागते. आणि डोके बाहेर काढले की ती त्या प्राण्यालाही दिसू शकते. पाहायचे असेल तर दिसण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून त्या खेळासाठी प्रथमपुरुषी पद्धत ठरली.

याच खेळात अमांडाजवळ हालचाल दाखवणारे एक लहान यंत्र असते. कोणी हलले की त्यावर ठिपका उमटतो आणि बारीक आवाज येतो. तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? पण ते यंत्र डोळ्यांसमोर धरले की त्याच्या पलीकडचे दृश्य अंधुक होते. यंत्राकडे नीट पाहावे, तर खोलीकडे दुर्लक्ष होते. खोलीकडे पाहावे, तर यंत्रावरचा ठिपका पुसट होतो. एका वेळी एकच गोष्ट बघता येते. मग कानांवर भिस्त ठेवावी लागते. छतावरच्या पोकळ नळीतून काही सरकले का? मागच्या बाजूला दार वाजले का? दिसणे कमी झाले की ऐकणे आपोआप तीक्ष्ण होते. रात्री वीज गेल्यावर नळाचे टपटपणे आपल्याला एकदम मोठ्याने ऐकू येते, तसेच हे.

तिसरी रीत सर्वांत विलक्षण आहे. तिच्यात पाहणे हीच शिक्षा होते. २०१० साली स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या संस्थेने 'ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट' हा खेळ काढला. १८३९ सालचा काळ आणि प्रशियातील एक जुना किल्ला अशी त्याची पार्श्वभूमी आहे. डॅनियल नावाचा माणूस त्या किल्ल्यात जागा होतो. त्याला मागचे फारसे काही आठवत नाही. लढण्यासाठी त्याच्याजवळ एकही शस्त्र नाही. फक्त एक कंदील आहे आणि त्याचे तेल मोजके आहे. अंधारात फार वेळ राहिले तर डॅनियलचे मन ढळू लागते. कंदील लावला तर राक्षसाला तो दिसू शकतो. आणि राक्षसाकडे टक लावून पाहिले, तरीही त्याचे मन ढळते. म्हणून राक्षस जवळ आला की खेळणारा काय करतो? तो अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच पाठ करतो आणि पावलांचा आवाज दूर जाण्याची वाट पाहतो.

या खेळातली दारेसुद्धा पाहण्यासारखी आहेत. तिथे बटण दाबले की दार उघडले, असे होत नाही. माऊसने दाराला हात घालून ते हळूहळू ओढावे लागते. त्यामुळे दार बोटभर उघडून फटीतून आत डोकावता येते. घाबरलेला माणूस खऱ्या दाराशी जे करतो, तेच आपण इथे करतो. दार तो उघडत नाही, मी उघडतो. आत काही असेल, तर त्याला वाट मीच करून दिली आहे, असे वाटते. वातावरण म्हणतात ते अशा लहान लहान कृतींतून तयार होते.

मग असा प्रश्न पडेल की प्रथम पुरुष आला की भीती आलीच का? तसे नाही. १९९३ साली अमेरिकेत 'डूम' नावाचा खेळ आला. तोही प्रथमपुरुषीच आहे आणि त्यात राक्षसांची काही कमी नाही. पण त्यात खेळणारा वेगाने धावतो आणि त्याच्याजवळ दांडगी शस्त्रे असतात. तिथे अंगात भीतीपेक्षा जोशच अधिक येतो. उलट १९९९ सालचा 'सायलेंट हिल' हा जपानी खेळ तृतीयपुरुषी आहे, तरी तो भयाण वाटतो. त्यातले गाव दाट धुक्यात बुडालेले आहे. त्या वेळचे यंत्र दूरपर्यंतचे गाव एकदम काढू शकत नव्हते. धुक्याने ती उणीव झाकली आणि वातावरणही निर्माण केले. नायकाजवळच्या रेडिओतून खरखर येऊ लागली की ओळखावे, कोणीतरी जवळ आले आहे. म्हणजे इथेही युक्ती तीच : दिसणे कमी करणे. 'सायलेंट हिल'मध्ये ते काम धुके करते आणि 'ॲम्नेशिया'त खेळणाऱ्याची स्वतःची नजर करते. दृष्टी हे एक साधन आहे. जवळ बळ थोडे असेल, वाट अनोळखी असेल आणि कान सावध असतील, तरच ते साधन परिणाम करते.

'रेसिडेंट ईव्हिल'ची पुढची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. पहिला खेळ तयार होत असताना आरंभी तो प्रथमपुरुषीच करण्याचा विचार होता. पुढे तो बदलला. खोल्यांची चित्रे आधीच काढून ठेवायची आणि कॅमेरा स्थिर ठेवायचा, असे ठरले. १९९६ पासून त्या मालिकेच्या मुख्य खेळांत नायक बाहेरूनच दिसत राहिला. २०१७ साली आलेल्या सातव्या खेळात मात्र निर्मात्यांनी कॅमेरा नायकाच्या डोळ्यांत नेऊन ठेवला. नायक ईथन विंटर्स आपल्या बेपत्ता पत्नीच्या शोधात अमेरिकेतील लुईझियाना राज्यातल्या एका पडक्या घरात शिरतो. निर्मात्यांनी त्याचा चेहरा मुद्दाम झाकून ठेवला आहे. चेहरा नसलेल्या त्या 'मी'च्या जागी खेळणाऱ्याचा स्वतःचा चेहरा आपोआप बसतो.

एवढे सांगून झाल्यावर मी वर्गात एक प्रयोग केला. जुन्या वर्तमानपत्राच्या दोन पुंगळ्या केल्या आणि विचारले, "कोण येतो?" आदल्या दिवशी 'डरपोक' म्हणणारा मुलगाच उत्साहाने पुढे आला. मी त्याला फळ्याकडे तोंड करून उभे केले आणि दोन्ही डोळ्यांना पुंगळ्या लावायला सांगितल्या. मग म्हणालो, "दोघे जण तुझ्या पाठीमागून हळूच येतील. कोण ते तू ओळखायचे. मागे वळायचे मात्र नाही."

वर्ग शांत झाला. मी कोणालाही खूण केली नाही. कोणीही जागचे उठले नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. काही क्षण गेले. मुलाचे खांदे वर चढले, मान आखडली आणि एकदम पुंगळ्या खाली टाकून तो गर्रकन मागे वळला.

मागे कोणीच नव्हते.

सगळे हसले. तोही हसला. मग मागच्या बाकाकडे पाहून म्हणाला, "यार, मला खरंच वाटलं कोणीतरी आलंय."

मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. आज त्याची मान वर होती. तो म्हणाला, "सर, मला कळले. त्या गेममध्ये मी 'मुतकल्लिम' होतो आणि ज्याची भीती वाटत होती तो 'गायब' होता."

याहून चांगले उत्तर मलाही देता आले नसते.

मुलांनो, शेवटी दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे, या खेळांपैकी अनेक खेळ मोठ्यांसाठीच असतात. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या सातव्या खेळावर अमेरिकेत १७ वर्षे आणि युरोपात १८ वर्षे अशी वयाची अट छापलेली आहे. ती अट उगीच नसते. मोठ्यांचे मन ज्या भीतीतून तासाभरात बाहेर येते, ती लहानांच्या मनात अनेक रात्री घर करून राहते. म्हणून थोडे थांबावे. खेळ कुठे पळून जात नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की घाबरणे म्हणजे डरपोक असणे नव्हे. जे दिसत नाही त्याच्याविषयी सावध राहणे हा आपल्या मनाचा स्वभावच आहे. खेळ बनवणारे तो स्वभाव ओळखतात. ते आपली नजर आखडून घेतात, कानांना कामाला लावतात आणि पाठ उघडी ठेवतात. ही मांडणी एकदा कळली की भीती अगदी नाहीशी होते असे नाही. पण तिच्याकडे नीट पाहता येते. त्या रात्री माझा विद्यार्थी शांत झोपला की नाही, हे मी त्याला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी निबंधाच्या तासाला मात्र त्याने एक गोष्ट लिहून आणली. तिचा आरंभ 'मी दार उघडले' असा होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांनी ती वाचली आणि वाचता वाचता त्यांतल्या दोघांनी हळूच मागे वळून पाहिले.